बशीतल्या पेशी मेल्या, मग औषध कुठे अडते?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला आतड्याचा कर्करोग आहे, केमोथेरपी चालू आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला आहे की लक्ष्मणफळाच्या झाडातला घटक केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी आहे. वहिनी पानांचा काढा सुरू करू म्हणते. वर्तमानपत्रातही अधूनमधून 'अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट' अशी बातमी असते. प्रयोगशाळेत सिद्ध झाले असेल तर काढा द्यायला काय हरकत? आणि सिद्ध होऊनही औषध का निघत नाही? कंपन्यांना ते नको असते म्हणून?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काढा सुरू करू नका, निदान भावाच्या डॉक्टरांशी बोलेपर्यंत तरी नको. का, ते सविस्तर सांगतो.

तो दहा हजारांचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, म्हणून तर तो लोकांना पटतो. १९९६ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी लक्ष्मणफळाच्या बियांमधून काही संयुगे वेगळी केली. त्यांतले एक, सिस-अ‍ॅनोनॅसिन, आतड्याच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट पेशीप्रकारावर अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधाच्या दहा हजार पट प्रबळ ठरले. आता मेसेजमधून काय गळले ते पाहा. प्रयोग बियांमधल्या एका शुद्ध संयुगावर होता. पाने, गर किंवा काढ्यावर नव्हता. तो प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवर होता, माणसावर नव्हता. आणि 'दहा हजार पट' याचा अर्थ एवढाच, की तोच परिणाम साधायला मात्रा तितक्या पटीने कमी लागली. रोगी बरा होण्याची शक्यता दहा हजार पट, असा नव्हे.

अशी चाचणी होते कशी? पाने सावलीत वाळवून त्यांची भुकटी करतात, ती मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजत ठेवतात, गाळतात आणि द्रावक उडवून टाकतात. उरतो तो काळपट हिरवा, चिकट राळेसारखा लगदा. हाच अर्क. दुसरीकडे कर्करोगाच्या पेशी तयार असतात. या पेशी कित्येक वर्षांपूर्वी कुणा रुग्णाच्या गाठीतून घेतलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढवत आणलेल्या असतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेच्या भांडारातून त्या देशभर जातात. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. प्रत्येक खळग्यात गुलाबी पोषकद्रव आणि काही हजार पेशी. पेशी एक दिवस तळाला चिकटू देतात, मग ओळीओळीने वाढत्या मात्रेत अर्क घालतात आणि साधारण दोन दिवस थांबतात.

त्यानंतर एमटीटी नावाचे पिवळे रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या कणांत रूपांतर करतात. तीन-चार तासांनी एका टोकाचे खळगे गर्द जांभळे आणि दुसऱ्या टोकाचे फिकट दिसू लागले की संशोधकाची कळी खुलते. यंत्र रंगाची तीव्रता मोजते आणि निम्म्या पेशी कोणत्या मात्रेला गारद झाल्या, तो आकडा निघतो. बातमी होते ती या आकड्याची.

पण हा रंगही फसवतो. वनस्पतींच्या अर्कात अँटिऑक्सिडंट द्रव्ये भरपूर असतात. ती पेशी नसलेल्या खळग्यातसुद्धा एमटीटीला जांभळे करू शकतात. उलट, रंग फिका पडला म्हणजे पेशी मेल्याच असेही नाही. हा रंग मुख्यतः पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या कामावर अवलंबून असतो. ते काम मंदावले तरी रंग उतरतो. म्हणून चोख प्रयोगात नुसत्या अर्काचा खळगा वेगळा ठेवतात, आधीच माहीत असलेले औषध शेजारी तपासतात आणि दुसऱ्या पद्धतीने पडताळा घेतात. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत अशा चाचण्यांची सोय आहे. तिथे पेशींतल्या प्रथिनांना चिकटणारा एसआरबी हा गुलाबी रंग वापरतात आणि तुलनेला अ‍ॅड्रियामायसिन असते.

मात्रेचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संकेतानुसार कच्च्या अर्काने मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या आत निम्म्या पेशी रोखल्या, तर पुढे तपासण्यात अर्थ असतो. तीनशे-चारशेला 'प्रभावी' म्हणणारे शोधनिबंधही छापले जातात. इतक्या मात्रेत मीठमसाल्यातले बरेच काही पेशींना बाधेल. फिनाइलचे चार थेंब टाकले तरी त्या मरतीलच. खरी परीक्षा आहे ती निरोगी पेशी राखून रोगी पेशी मारण्याची, आणि पुष्कळ बातम्यांत त्याबद्दल एक अक्षरही नसते.

लक्ष्मणफळाच्या बाबतीत हीच गोष्ट गंभीर आहे. त्यातली अ‍ॅनोनॅसिनच्या कुळातली संयुगे पेशीची ऊर्जानिर्मिती अडवतात, आणि ऊर्जेची गरज मेंदूच्या पेशींनाही मोठी असते. कॅरिबियन बेटांपैकी ग्वादलूप इथे पार्किन्सनसारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या विकाराचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त आढळले. ही फळे आणि त्यांच्या पानांचा काढा घेण्याच्या सवयीशी त्याचा संबंध असावा, असे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. पण रोज काढा पाजण्याआधी थांबायला एवढे पुरेसे आहे.

बशी आणि शरीर यांतले अंतर समजायला आपल्या अंगणातली सदाफुली पुरेशी आहे. कॅनडाचे संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे १९५०च्या दशकात जमैकातून तिची पाने आली. तिकडे मधुमेहावर तिचा काढा पीत. उंदरांना अर्क तोंडाने दिला, रक्तातल्या साखरेवर फारसा परिणाम झाला नाही. टोचून दिला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने दगावले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी त्यातूनच पांढऱ्या पेशी घटवणारे व्हिन्ब्लास्टिन शोधले, पुढे व्हिन्क्रिस्टिन आले आणि ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या असंख्य मुलांचे प्राण वाचले. मात्र ही औषधे आजही शिरेतून, अतिशय जपून, मिलिग्रॅमच्या हिशेबात देतात. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी शेकडो किलो सुकी पाने लागतात. सदाफुलीची पाने चावून ते मिळत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते.

आता कंपन्यांचा प्रश्न. वनस्पतींमधली औषधे दडपली जातात, हे खरे नाही. १९६० ते १९८२ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने वनस्पतींचे सुमारे ३५,००० नमुने गोळा करून १,१४,००० अर्क तपासले. त्या सगळ्या खटाटोपातून रुग्णापर्यंत पोहोचली ती मुख्यत्वे दोन संयुगांची घराणी : टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन. दोन्हींच्या शोधात रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल यांच्याबरोबर होते डॉ. मनसुख वाणी. जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, कर्मभूमी अमेरिकेतले नॉर्थ कॅरोलिना.

कॅम्प्टोथेसिनचा प्रवास पाहिला की औषध कुठे अडते ते कळते. एका चिनी झाडातून मिळालेल्या या संयुगाची रचना वॉल-वाणींनी १९६६ साली जाहीर केली. ते पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. त्या रूपात त्याची ताकद बरीच गेली, आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७०च्या दशकात चाचण्या बंद पडल्या. १९८५ साली कळले, की हे संयुग टोपोआयसोमरेझ-१ या विकराला पकडते; डीएनएचा पीळ सोडवणारे हेच विकर. तेव्हा कुठे नव्याने काम सुरू झाले. रेणूत फेरफार करून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन औषधांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. शोधापासून तीस वर्षे. आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकान आजही सर्रास वापरतात. कदाचित तुमच्या भावाच्या केमोतही असेल. म्हणजे 'केमो की वनस्पती' हा वादच मुळात फसवा आहे.

या प्रवासाची एक बाजू आपल्या सह्याद्रीतही आहे. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्या या झाडात सापडले, तेही चांगल्या प्रमाणात. पुढे मागणी वाढली आणि पश्चिम घाटातला नरक्या बेसुमार तोडला गेला. अर्क गुणकारी ठरला, तरी त्याची किंमत कुणीतरी मोजत असते.

शेवटी काढ्याकडे येऊ. 'निदान अपाय तरी नाही' हे गृहीत धरू नका. युरोपात उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा नेदरलँड्समध्ये इरिनोटेकान घेणाऱ्या मोजक्या रुग्णांवर अभ्यास झाला. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले : वनस्पती सोबत घेतली की रक्तातला औषधाचा कार्यक्षम अंश ४२ टक्क्यांनी घटतो. वरून काहीच जाणवत नाही, उपचार तेवढा दुबळा होतो.

तेव्हा पुढची बातमी वाचाल तेव्हा चार गोष्टी शोधा : प्रयोग पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर झाला, मात्रा किती होती, निरोगी पेशींचे काय झाले, आणि तुलनेला कोणते औषध होते. यांतले काहीच सापडले नाही, तर ती बातमी संशोधनाच्या सुरुवातीची आहे, उपचाराची नाही. आणि भाऊ घरात जे काही घेत असेल, हळदीच्या गोळ्या, गुळवेल, कुणी दिलेले चूर्ण, ते सगळे पुढच्या केमोच्या आधी कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. रागावतील म्हणून लपवू नका.