लाखेची डाळ आणि पक्षाघात

विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे भाताच्या उभ्या पिकात, जमिनीत ओल असतानाच लाखोळी फेकून पेरतात. नांगरट नको, पाणी नको. दुष्काळात दुसरे काही पिकले नाही तरी ही पिकते. म्हणून गोरगरिबांनी महिनोन् महिने तिच्यावरच दिवस काढले आणि कित्येकांचे पाय कायमचे ताठरले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व शर्मा या शास्त्रज्ञांनी १९६४ साली या बियांतील विषारी अमिनो आम्ल वेगळे करून दाखविले. डॉ. एस. एल. एन. राव यांनी पुढे आपल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही त्यावर संशोधन केले. (आता ‘रतन’, ‘प्रतीक’ असे कमी विषाचे वाण निघाले आहेत. पेरायचेच तर तेच पेरावेत.)

शेतकरी बंधुभगिनींनो, या डाळीचा पक्षाघाताशी संबंध काय? मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो बहुधा ग्लुटामेट या द्रव्याच्या मार्फत. पेशीच्या दाराची ती किल्लीच म्हणा. लाखेतील विष याच किल्लीची नक्कल करते. पक्षाघातात तर खरी किल्लीच घात करते. रक्तवाहिनी तुंबली की पेशीला प्राणवायू व साखर मिळत नाही, ग्लुटामेट बाहेर सांडते, दारे उघडीच राहतात आणि कॅल्शियमचा लोंढा आत शिरतो. मग पेशीचीच पाचक द्रव्ये तिला पोखरू लागतात.

परंतु देवाने पेशीला प्रतिकारही दिला आहे. ‘एक्ट’ नावाचे एक प्रथिन आहे. ‘जगा’ असा निरोप बाहेरून आला की ते जागे होते आणि पेशीला आत्मनाशाकडे नेणाऱ्या प्रथिनांना अडवून धरते. दुसरे ‘हिफ’. प्राणवायू कमी पडला की ते साचते आणि नव्या रक्तवाहिन्या वाढविण्याचे व काटकसरीने जगण्याचे हुकूम सोडते. पेशीला प्राणवायूची उणीव कशी कळते, या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग या वाटा औषधाने बळकट का करू नयेत? प्रयत्न पुष्कळ झाले. ग्लुटामेटची दारे बंद करणाऱ्या औषधांनी उंदरांत गुण आला, माणसांत मात्र आला नाही. कारण तीच दारे मेंदूच्या रोजच्या कामालाही लागतात, आणि माणसाला औषध पोहोचते तेही उशिरा. तेव्हा ‘मेंदू वाचविणाऱ्या’ महागड्या इंजेक्शनासाठी कोणी बैलजोडी विकायला सांगितले, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

खरा उपाय वेळेचा. मोठी वाहिनी तुंबल्यावर उपचार न झाल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅननंतर. कारण मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर हेच औषध जीव घेईल. म्हणून तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, की तेल चोळत बसू नका. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट न्या.

अनेक घरांतून पहिला निरोप फादरांना येतो. तसे करू नका. आधी १०८, मग मला. तेलाभ्यंगासाठी मी थेट रुग्णालयात येईन.