पशुपालनाच्या अवजारांवरील अनुदान : ठिकाणाप्रमाणे फरक का पडतो?

मावळ तालुक्यातील परंदवडी हे गाव तळेगाव-सोमाटण्याच्या परिसरात वसलेले आहे. मावळात भात हे मुख्य पीक; सबब भाताचा पेंढा ही येथील जनावरांची नेहमीची वैरण होय. तळेगाव आणि पिंपरी-चिंचवड या बाजारपेठा जवळ असल्यामुळे दुधाला गिऱ्हाईक मिळते, आणि म्हणून दोन-चार दुभती जनावरे बाळगणाऱ्या शेतकऱ्यास कडबाकुट्टी यंत्र, दूध काढणी यंत्र किंवा मुरघासाचे साहित्य घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. अशा शेतकऱ्याच्या कानावर विदर्भातील कडबाकुट्टी यंत्राच्या अनुदानाची बातमी येते, शेजारच्या जिल्ह्यातील पाहुणा वेगळाच आकडा सांगतो, आणि आपल्या तालुक्यात चौकशी करता तिसरेच उत्तर मिळते. मग "आमच्यावरच अन्याय का?" हा प्रश्न ग्रामसभेत निघतो. ग्रामकार्यकर्त्याला त्याचे समाधानकारक उत्तर देता यावे आणि शेतकऱ्याला आपल्या हक्काची रक्कम न गमावता मिळावी, या हेतूने प्रस्तुत पाठात या फरकाची कारणे क्रमाने मांडली आहेत.

अनुदान म्हणजे काय?

जुन्या पिढीला तगाई परिचित होती. 1883 चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि 1884 चा शेतकरी कर्जाचा कायदा यांच्या आधारे सरकार विहीर, बांध, बैल, बियाणे यांसाठी तगाई देत असे. ती परत फेडावी लागे. अनुदान हे फेडावयाचे नसते. ते वस्तूच्या किमतीतील सरकारचा वाटा असते. मात्र हा वाटा कोणत्याही वस्तूवर, कोणत्याही वेळी आणि कोणासही मिळत नाही. कोणत्या निधीतून तो दिला जातो, त्या निधीचे क्षेत्र कोणते व त्याच्या अटी कोणत्या, यावर सर्व काही अवलंबून असते. ठिकाणाप्रमाणे दिसणाऱ्या फरकाचे मूळ येथेच आहे.

पैसा चार वाटांनी येतो

1. केंद्र व राज्य यांची संयुक्त योजना. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान 2014-15 साली सुरू झाले. कडबाकुट्टी यंत्राचा समावेश या अभियानाच्या यादीत आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला, तसेच अल्प व अत्यल्प भूधारक शेतकरी यांना किमतीच्या 50 टक्के व इतरांना 40 टक्के असा त्याचा सर्वसाधारण दर असून प्रत्येक यंत्रासाठी रकमेची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा तो अत्यल्प भूधारक व एक ते दोन हेक्टर असणारा तो अल्प भूधारक होय. भाताची लहान खाचरे कसणारे अनेक कुटुंबप्रमुख यांपैकी एका वर्गात बसतात. सर्वसाधारण प्रवर्गातील शेतकऱ्याने आपणास 40 टक्केच मिळणार असे गृहीत धरू नये. प्रथम आपला आठ-अ उतारा पाहावा.

2. राष्ट्रीय पशुधन अभियान. याची पुनर्रचना 2021-22 साली झाली. शेळी-मेंढी, कुक्कुट, वराह यांचे प्रकल्प आणि मुरघास व वैरणीच्या विटा तयार करण्याचे प्रकल्प यांसाठी भांडवली खर्चाच्या 50 टक्के अनुदान त्यात ठेवण्यात आले. कमाल मर्यादा शेळी-मेंढी व वैरण प्रकल्पांस 50 लाख रुपये, वराहपालनास 30 लाख व कुक्कुटपालनास 25 लाख अशी ठरविण्यात आली. ही रक्कम दोन सारख्या हप्त्यांत द्यावयाची असते. ही योजना उद्योग उभारणाऱ्यासाठी आहे. घरच्या तीन म्हशींसाठी लागणारे एखादे यंत्र तीत बसविण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ होय.

3. राज्याची विशिष्ट विभागासाठी आखलेली योजना. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प हे याचे उत्तम उदाहरण असून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

4. जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी. 1961 च्या अधिनियमानुसार 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. सेस व इतर उत्पन्नातून जमणाऱ्या निधीचा काही भाग जिल्हा परिषद पशुसंवर्धनाच्या वैयक्तिक लाभाच्या योजनांसाठी खर्च करू शकते. जिल्ह्याचे उत्पन्न निराळे, गरज निराळी आणि अंदाजपत्रकही निराळे. त्यामुळे एका जिल्ह्यात कडबाकुट्टी यंत्र, दुसऱ्यात दूध काढणी यंत्र, तर तिसऱ्यात केवळ वैरणीचे बियाणे असा प्रकार दिसतो. एवढेच नव्हे, तर त्याच जिल्ह्यात गेल्या वर्षी असलेली योजना यंदा नसणेही संभवते.

विभागाविभागांत फरक का केला जातो?

महाराष्ट्र राज्य निर्माण होण्यापूर्वीच, 1953 च्या नागपूर करारात, विदर्भ व मराठवाडा यांच्या विकासाचा प्रश्न नोंदला गेला होता. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2) च्या आधारे 1994 साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. विकासाचा अनुशेष मोजण्यासाठी 1983 साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती आणि डॉ. विजय केळकर यांच्या समितीचा अहवाल 2013 साली सादर झाला. मागे राहिलेल्या प्रदेशाकडे अधिक निधी वळवावा, हा विचार या सर्वांतून दृढ झालेला आहे.

दुधाच्या बाबतीत ही तफावत ठळक आहे. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी दूध संघांचे जाळे लवकर विणले गेले. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे गोकुळ, 1963 साली स्थापन झाला. पुणे जिल्ह्याचा कात्रज येथील संघही जुना आहे. संकलन केंद्र, शीतकरण, पशुवैद्यकीय सेवा व रोजची विक्री यांची सोय असली, म्हणजे शेतकरी स्वतःच्या बळावर यंत्र घेऊ शकतो. विदर्भ व मराठवाड्यात कोरडवाहू शेती अधिक, संकलनाची व्यवस्था विरळ आणि अवर्षणाचा फटका वारंवार बसणारा. या कारणास्तव राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने 2016 साली तेथील 11 जिल्ह्यांत दुग्धविकास प्रकल्पाचा पहिला टप्पा हाती घेण्यात आला. 2024 साली मंजूर झालेला दुसरा टप्पा विदर्भातील 11 व मराठवाड्यातील 8 अशा 19 जिल्ह्यांसाठी आहे. त्याचा खर्च 149.26 कोटी रुपये धरला असून दुधाळ जनावरे, वैरणविकास व मुरघास यांबरोबर विजेवर चालणाऱ्या कडबाकुट्टी यंत्रास 50 टक्के अनुदानाची तरतूद त्यात आहे. पुणे जिल्हा या 19 जिल्ह्यांत नाही. म्हणून परंदवडीच्या शेतकऱ्याने या प्रकल्पासाठी अर्ज करू नये. परंतु यांत्रिकीकरण अभियानाचा दरवाजा त्याला बंद नाही, आणि तो अल्पभूधारक असल्यास तेथील टक्काही 50 च आहे, ही गोष्ट ग्रामकार्यकर्त्याने आवर्जून सांगावी.

हेच तत्त्व देशपातळीवरही दिसते. संयुक्त योजनांत सामान्यतः केंद्राचा वाटा 60 व राज्याचा 40 टक्के असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत तो 90 व 10 असतो. यांत्रिकीकरण अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत ईशान्येकडील शेतकऱ्यांसाठी इतरांहून अधिक दर ठेवण्यात आला. परदेशातही असेच आहे. युरोपातील सामायिक बाजारपेठेने 1975 साली डोंगराळ व प्रतिकूल प्रदेशांतील शेतीस अधिक साहाय्य देण्याचा निर्णय घेतला. ब्रिटनमध्ये शेती हा विषय इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील शासनांकडे स्वतंत्रपणे असल्यामुळे सीमेच्या अलीकडील व पलीकडील गोपालकास एकाच यंत्रासाठी निरनिराळे नियम लागू होतात.

तथापि विभागाची सरासरी ही प्रत्येक घराची स्थिती नव्हे, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. पुणे जिल्हा पुढारलेला गणला जातो. पण बारामती-इंदापूरकडील बागायती गोठा व मावळातील डोंगरपायथ्याचा गोठा यांची बरोबरी होत नाही. मावळात पावसाळ्यात चिखल, ओली वैरण व बुरशी यांचा त्रास. उन्हाळ्यात निकृष्ट पेंढ्यावर भर. जिल्ह्याच्या आकड्यांत ही अडचण झाकली जाते. ती उघड करण्याचा मार्ग म्हणजे जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकापूर्वी ग्रामसभेने व पंचायत समितीने लेखी मागणी नोंदविणे होय. मागणी करताना गावात दुभती जनावरे किती, वैरण किती महिने पुरते व यंत्रे किती आहेत, हे आकडे सोबत जोडावेत. आकड्यांशिवाय केलेली तक्रार फाईलमध्ये राहते; आकड्यांसह केलेली मागणी चर्चेस येते.

टक्का पाहू नये, रक्कम पाहावी

अनुदानाची तुलना टक्क्यांवरून करणे ही मोठी चूक होय. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यंत्राची किंमत 32,000 रुपये आहे. एका योजनेत 50 टक्के अनुदान असून कमाल मर्यादा 15,000 रुपये आहे. 50 टक्क्यांचे 16,000 होतात, पण मर्यादेमुळे 15,000 मिळतील व शेतकऱ्यास 17,000 भरावे लागतील. दुसऱ्या योजनेत 75 टक्के अनुदान आहे, परंतु यंत्राची मान्य किंमत 12,000 रुपयेच धरली आहे. तेथे 9,000 रुपये मिळतील आणि तेच यंत्र घ्यावयाचे तर 23,000 रुपये पदरचे पडतील. ऐकण्यास 75 टक्के मोठे, पण हाती पडणारी रक्कम लहान. म्हणून टक्का, कमाल मर्यादा व मान्य किंमत ही तिन्ही विचारून घ्यावीत.

दुसरे असे की, अनुदान आहे म्हणून गरजेहून मोठे यंत्र घेऊ नये. एका दुभत्या गाईस दिवसास साधारण 20 ते 25 किलो हिरवी व 5 ते 7 किलो वाळलेली वैरण लागते. तीन गाईंची सर्व वैरण शंभर किलोच्या आतबाहेर होते. विजेवरील लहान यंत्र तासाला शेकडो किलो वैरण कापते. म्हणजे तीन गाईंसाठी ते दिवसातून थोडा वेळच चालेल. जवळजवळ राहणाऱ्या तीन-चार घरांनी एका यंत्राचा उपयोग वाटून घेतला, तर प्रत्येकाचा खर्च पुष्कळ कमी होतो. घरातील वीजजोड एक फेजचा आहे की तीन फेजचा, हेही यंत्र निवडण्यापूर्वी पाहावे. वैरण आत सरकविण्याच्या तोंडास व फिरत्या पात्यास संरक्षक आवरण नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. हाताची बोटे कोणत्याही अनुदानाने परत मिळत नाहीत.

अर्जाचा क्रम

अनुदान गमावण्याचे एक मोठे कारण म्हणजे घाई. पूर्वसंमतीपूर्वी खरेदी केलेल्या यंत्रास यांत्रिकीकरण अभियानात अनुदान मिळत नाही. विक्रेता "आधी घेऊन जा, पैसे मागून येतील" असे म्हणाला, म्हणून सावकाराकडून उसने घेऊन यंत्र घरी आणणाऱ्याच्या वाट्यास व्याज तेवढे येते. यास्तव पुढील क्रम सोडू नये :

1. शेतकरी ओळख क्रमांक, आधार, त्यास जोडलेले बँक खाते, सातबारा व आठ-अ यांतील नाव एकसारखे आहे याची खात्री करावी. आवश्यक असल्यास जातीचा दाखला तयार ठेवावा.
2. यांत्रिकीकरण योजनेसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा. पशुसंवर्धन खात्याच्या व जिल्हा परिषदेच्या योजनांचे अर्ज वेगळे असतात; त्यांची मुदत वडगाव येथील तालुका कार्यालयात विचारावी.
3. निवड झाल्यावर दरपत्रक व यंत्राचा तपासणी अहवाल सादर करावा.
4. पूर्वसंमती हाती आल्यावरच, दिलेल्या मुदतीत, खरेदी करावी.
5. पक्के बिल घ्यावे व ते वेळेत सादर करावे. मोका तपासणीच्या वेळी यंत्र जागेवर असावे.

एकाच यंत्रावर दोन योजनांतून अनुदान घेण्याचा प्रयत्न करू नये.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

सभेत योजना सांगताना पाच प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहावीत : पैसा कोणाचा? क्षेत्र कोणते? पात्र कोण? कमाल रक्कम किती? शेवटची तारीख कोणती? वर्तमानपत्रातील किंवा भ्रमणध्वनीवर आलेल्या बातमीस हे पाच प्रश्न लावले, की ती आपल्या गावासाठी आहे की नाही हे तत्काळ कळते. जी योजना आपल्या जिल्ह्यास नाही ती नाही असे स्पष्ट सांगावे, आणि त्याच वेळी जी आहे तिचा अर्ज भरून घ्यावा. नुसत्या नकाराने शेतकरी कार्यालयापासून दुरावतो. पर्याय दाखविला तर तो पुन्हा येतो. अनुदानाने यंत्र थोडे स्वस्त होते. गोठा फायद्यात येतो तो वैरणीच्या नियोजनाने, जनावरांच्या निगेने व चोख हिशेबाने. हे तिन्ही करण्यास कोणत्याही जिल्ह्याची हद्द आड येत नाही.