अकराव्या गुणसूत्रावरचा पाठभेद

जीनोमच्या प्रयोगशाळेत जायचं म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येतात. संगणकीय आणि सांख्यिकी जीनोमशास्त्राच्या लॅबमध्ये यातलं फारसं काही नसतं. तिथे असतात कॉम्प्युटर आणि अक्षरं. ए, टी, जी, सी ही चारच अक्षरं, पण एका संचात सुमारे ३०० कोटी.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला, असं कुणी विचारेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ते काम आठवा. कुठल्या पोथीत कुठला पाठ, कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, हेच प्रश्न इथेही असतात. १९९८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी तर चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्रातल्याच पद्धती वापरून मांडली.

आमच्या बुऱ्हाणपूर भागाला जवळचं उदाहरण सिकलसेलचं. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यातला हा आजार. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ला आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाली. अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात ए च्या जागी टी आला, एवढाच पाठभेद! आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पण तोच पाठभेद असलेल्या दोघांपैकी एक सतत वेदनेने तळमळतो, दुसऱ्याचं बरं चालतं. असं का? २००७-०८च्या सुमारास हजारो माणसांचे जीनोम सांख्यिकीने ताडताना बीसीएल११ए हे दुसरंच जनुक पुढे आलं. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करण्यात त्याचा हात असतो. त्यावर आधारलेल्या जनुक-संपादन उपचाराला २०२३मध्ये ब्रिटनने मान्यता दिली.

आता यातली खरी अवघड गोष्ट. १० लाख ठिकाणं तपासून नेहमीची ५ टक्क्यांची कसोटी लावली, तर ५० हजार ठिकाणं निव्वळ योगायोगानेच 'सापडतात'. म्हणून इथे कसोटी फार कडक ठेवतात. दुसरा धोका आणखी फसवा आहे. समजा, रुग्ण कोरकू गावांतले घेतले आणि निरोगी माणसं शहरातली, तर हाती लागेल तो कोरकू आणि शहरी माणसांतला फरक, आजाराचा नव्हे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, आजूबाजूच्या मराठी-निमाडीशी तिचं नातं नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्याला शंका लवकर येते. केवळ कोडिंग येणाऱ्याला ती सुचेलच असं नाही, असं माझं मत.

लॅबमध्ये शिरायचं असेल तर आधी संख्याशास्त्र, मग आर किंवा पायथन, थोडं लिनक्स. सरावाला '१००० जीनोम्स'चा डेटा फुकट आहे. त्यातले दक्षिण आशियाई गट पाच: ह्यूस्टनमधले गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकी तमिळ, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली. एकही नमुना भारतात घेतलेला नाही. मराठी नाही, कोरकू तर नाहीच. ही उणीव भरायला 'जीनोम इंडिया' निघाला. त्यात ८३ समूहांतल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले गेले.

प्राध्यापकांना मेल लिहाल तेव्हा सगळ्यांना एकच मजकूर धाडू नका. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचा आणि त्यातल्या एका आलेखाविषयी नेमकं विचारा. भेटीला बोलावलंच तर हेही विचारा: रक्त देणाऱ्यांना संमतीपत्र कोणत्या भाषेत वाचून दाखवलं होतं?