सोयाबीनमधील पेप्टाइड व तोंडाचा कर्करोग

एखाद्या खतानें पीक वाढलें असें कोणी सांगूं लागल्यास, शेजारीं खत न घातलेला पट्टा राखला होता काय, असें आपण प्रथम विचारतों. कारण पाऊसच चांगला झाला असेल, तर दोन्ही पट्टे सारखेच पिकतात. हीच कसोटी औषधासही लावावी लागते, हें सोयाबीनच्या पुढील हकीकतीवरून वाचकांच्या लक्षांत येईल.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब सांखळी. अशीच आंखूड सांखळी तें पेप्टाइड. सोयाबीनच्या दाण्यांत ७१ अमिनो आम्लांचें असें एक पेप्टाइड असतें. इ. स. १९४६ मध्यें बोमन यांनीं त्याचें वर्णन केलें व पुढें बर्क यांनीं त्याचा सखोल अभ्यास केला. म्हणून त्यास बोमन-बर्क रोधक म्हणतात. प्रथिनें पचविणाऱ्या पाचकरसांस तें अडवितें. सोयाबीन कच्चें न खातां शिजवून खावें लागतें, याचें हें एक कारण होय. काचपात्रांतील पेशींवर व प्राण्यांवर प्रयोग केले असतां मात्र हेंच द्रव्य कर्करोगाच्या उत्पत्तीस आळा घालतें, असें दिसून आलें.

तोंडांत कधीं कधीं पांढरे चट्टे पडतात व त्यांपैकीं कांहींचें पर्यवसान कर्करोगांत होतें. इ. स. २००० मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा ३२ रोग्यांस या पेप्टाइडाचा अर्क महिनाभर दिला. सुमारें एक तृतीयांश रोग्यांत सुधारणा दिसली. परंतु तुलनेचा पट्टा तेथें नव्हता. इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत कांहीं रोग्यांस अर्क व कांहींस दिसण्यांत तसेंच पण निर्गुण द्रव्य दिलें. दोन्ही गटांतील चट्टे जवळजवळ सारखेच घटले. अर्थात् तें श्रेय अर्कास देतां येत नाहीं.

यावरून सोयाबीन टाकाऊ ठरत नाहीं. उपचार चालू असतां रोग्याचें शरीर झिजतें, त्यास प्रथिनांची गरज असते; डॉक्टरांच्या सल्ल्यानें नीट शिजविलेलें सोयाबीन त्या कामीं उपयोगी पडेल. परंतु तें अन्न म्हणून; शस्त्रक्रिया, किरणोपचार वा औषधें यांच्या ऐवजीं नव्हे.

तंबाखू खाणाऱ्यांची आपल्या खेड्यांत वाण नाहीं. तोंडांत चट्टा दिसतांच, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम आढळतांच, तंबाखू सोडावी व रुग्णालय गांठावें. पेरणीचा वाफसा जसा थांबत नाहीं, तसा हा रोगही कोणासाठीं थांबत नाहीं, हें आमचें वाचकांस आग्रहाचें सांगणें आहे.