दगडावरचं नाव

आपल्या गावच्या वेशीपाशी किंवा देवळाशेजारी एखादा वीरगळ असेल. ढाल-तलवार घेतलेला वीर, वर सूर्य-चंद्र. लढाईत पडलेल्या माणसाचा तो दगड. पण तो माणूस कोण? म्हाताऱ्यांना विचारा. एक जण एक सांगेल, दुसरा दुसरं. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षरच नाही. दगड राहिला, नाव गेलं.

आता दुसऱ्या एका दगडाची हकिगत ऐका.

गुजरातेत खंभात नावाचं जुनं बंदर आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी तिथले कारागीर मुसलमानांच्या कबरींसाठी संगमरवरी दगड कोरीत असत. खंभातची जमीन नदीच्या गाळाची. तिथे संगमरवर कुठला? तो लांबून आणावा लागे. कधी जुन्या देवळांचा दगडही वापरत. काही दगडांच्या पाठीवर ती जुनी नक्षी आजही दिसते.

कबरीच्या डोक्याशी हा दगड उभा करीत. त्याचा माथा कमानीसारखा निमुळता. मध्ये साखळीला टांगलेला दिवा कोरलेला. भोवती अरबी अक्षरं. ही अक्षरं आत खोदलेली नाहीत, बरं का! अक्षराच्या भोवतालचा दगड छिन्नीने काढून टाकायचा, म्हणजे अक्षर वर उठून येतं. सुतार चौकटीवर उठावाची वेल काढतो ना, तसंच. हात जरा चुकला की अक्षरच उडालं!

मजकुराची रीत ठरलेली असे. आधी ईश्वराचं नाव, कुराणातली वचनं. मग मेलेल्या माणसाचं नाव, बापाचं नाव, आणि तारीख.

हे दगड गलबतांतून परमुलखी जात. अरबस्तानात गेले, आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेले, पूर्वेला सुमात्रा आणि जावा बेटांवर गेले. जावा बेटावर ग्रेसिक नावाचं गाव आहे. तिथे मलिक इब्राहिम या माणसाच्या कबरीवर खंभातचाच दगड आहे. तो गोरगरिबांचा आधार होता, असं त्यावर लिहिलं आहे. त्याने तिथल्या लोकांना धर्म शिकवला, असं लोक सांगतात. दगडावर मात्र ते नाही. लोक सांगतात ते एक, लिहिलेलं असतं ते एक. दोन्ही ऐकावं, पण कोणतं कुठलं ते ध्यानात ठेवावं.

त्याच्या मरणाची तारीख दगडावर आहे : रबिउलअव्वल महिन्याची १२, सन ८२२.

हा मुसलमानी सन. तो इसवी सन ६२२ पासून मोजतात. तो चंद्रावर चालतो. त्याचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षाहून ११ दिवसांनी लहान. म्हणून तर मोहरमचे ताबूत कधी उन्हाळ्यात निघतात, कधी पावसाळ्यात.

मग इसवी सन कसा काढायचा? ८२२ ला ३३ ने भागा. सुमारे २५ येतात. ते ८२२ मधून वजा करा. राहिले ७९७. त्यात ६२२ मिळवा. झाले १४१९. या रीतीने एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, पण इथे हिशेब बरोबर जुळतो.

सुमात्रा बेटावर पासे नावाचं राज्य होतं. तिथली राणी नहरसिया हिची कबरही खंभातच्या संगमरवराची आहे. तिच्यावर राणीचं नाव आहे, बापाचं, आजाचं, पणजाचंही आहे. सन आहे ८३१.

पाटी घ्या. हा हिशेब आता तुम्ही करा.