टॅपेट वाजतात तोवर काळजी नको

अगं माय, टकटकीला एवढी काहून घाबरलीस? नव्यानं बांधलेल्या पद्मिनीचे टॅपेट थोडे वाजायचेच. मला खटकलं ते तुझं पुढचं बोलणं: मिस्त्रीनं टॅपेट टाइट करून दिले, आवाज बंद झाला, पण गरम झाल्यावर आयडलला मिसिंग येतं आणि पिकअप गेला. बाई, आवाज गेला तिथंच दुखणं सुरू झालं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं 700 डिग्रीच्या घरात तापतं. सीटवर टेकल्यावरच त्यातली बहुतेक उष्णता हेडमध्ये उतरते. तुझ्या मिस्त्रीनं रॉकरखाली फटच ठेवली नाही, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, पुरता मिटत नाही, आणि कडेनं जळता वायू निसटून कडच खातो. कुणी म्हणेल हा अकोल्याच्या उन्हाचा प्रताप. ऐकू नकोस, 700 पुढे आपल्या 45 ला काय भाव!

तेव्हा आधी पुन्हा सेटिंग. पुस्तकातला फटीचा आकडा थंड इंजिनाचा आहे की गरम, ते नीट वाच; इनलेट-एक्झॉस्टचा आकडा वेगळा असेल तर तोही. चारही प्लग काढ म्हणजे इंजिन हातानं सहज फिरेल. चार नंबरचा एक्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडत असेल, त्या क्षणी एक नंबरचे दोन्ही पूर्ण बंद असतात, तेव्हा ते सेट करायचे. मग उलट. दोन-तीनचीही अशीच जोडी.

आणि फिलर गेजवर आंधळा विश्वास नको. जुन्या रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हनं खळगा पाडलेला असतो. सरळ पाती त्या खळग्यावर पुलासारखी आडवी बसते, आकडा बरोबर दाखवते, आणि खरी फट त्याहून मोठी राहते. मग सेटिंग करकरून माणूस थकतं, आवाज जात नाही. रॉकर उलटा करून टोकावर नख फिरव, अडकलं की समज. खळगा उथळ असेल तर लेथवाला घासून देईल. जुने रॉकर फेकू मात्र नकोस: मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, त्या टॅक्स्यांच्या जिवावर चालणारा पार्टचा बाजार आता आटतोय.

कव्हर उघडंच ठेवून इंजिन आयडलला चालव. प्रत्येक रॉकरवर तेल पाझरलं पाहिजे. एखादा कोरडा दिसला तर शाफ्ट उलटा बसवलाय का, भोक बुजलंय का, ते बघायला लाव. पुशरॉड काचेवर लोळवून बघ, वाकडा असेल तर डुगडुगतो.

सेटिंगनंतरही मिसिंग राहिलं तर इंजिन गरम करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घे. जो सिलेंडर कमी, त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह.

हेड उतरवायची वेळ आलीच, तर एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या घाल. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरची, पण हे 1089 सीसीचं इंजिन फियाट 1100 चं, शिसं घातलेल्या पेट्रोलच्या जमान्यातलं. ते शिसं सीटला सांभाळायचं. 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर ते पेट्रोल बंद झालं. मऊ सीट झिजत खोल जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट आपोआप मिटत जाते. तुझा मिस्त्री कदाचित निर्दोष असेल, बिचारा.

हेडचे बोल्ट थोडं चालवल्यावर पुन्हा कसायचे असतात, आणि कसले की टॅपेट परत बघायचे. तोवर अमरावतीला यायचा हट्ट नको. अकोला-अमरावती हायवेचा तो 75 किलोमीटरचा विक्रमी पट्टा बघून तुझा पाय जड होणार, मला ठाऊक आहे. आधी चारही सिलेंडरचे आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव. नुसतं "बरं चाललंय ताई" मला चालायचं नाही.