चुन्याची निवळी : अर्धे उत्तर आणि पुरे उत्तर

‘कार्बन डाय-ऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ होते’ हे तुम्हाला पाठच असेल. पण हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे स्वतः करून पाहा.

गाळलेल्या निवळीत तितकेच ऊर्ध्वपातित पाणी मिसळा. (निवळी डोळ्यांत उडू देऊ नका.) त्यात ताजे, साधे सोडावॉटर थेंबथेंब टाका. कॅल्शियम कार्बोनेटचा अविद्राव्य साका तयार होऊन निवळी दुधाळ होईल. आता थांबू नका. सोडावॉटर ओतत राहा, ढवळत राहा. काही वेळाने द्रावण पुन्हा नितळ होईल!

साका कुठे गेला? जादा वायूमुळे त्याचे विद्राव्य कॅल्शियम बायकार्बोनेट झाले :

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डाय-ऑक्साइड ⇌ कॅल्शियम बायकार्बोनेट

दुहेरी बाण नीट पाहा. ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८८४ साली मांडलेले तत्त्व असे : समतोलात बदल केला, की तो बदल कमी होईल अशा दिशेने अभिक्रिया सरकते. वायू वाढवला, ती उजवीकडे सरकली. आता द्रावण उकळा. वायू निघून जातो, अभिक्रिया डावीकडे सरकते आणि साका परत दिसतो.

विहिरीच्या दुष्फेन पाण्याने बंबात पांढरा थर बसतो, तो मुख्यतः असाच. त्यातून उष्णता सहज जात नाही, म्हणून जळण जास्त लागते.

आता सांगा : पाण्यात बायकार्बोनेटऐवजी कॅल्शियम सल्फेट असेल, तर नुसत्या उकळण्याने ते सुफेन होईल का? उत्तर कारणासह लिहा.